कागदावर खुलं तळं, कागदावर मुक्त शाळा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढच्या एका बौद्धवाडीत, विहारात बसून आम्ही शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी करत होतो. सोळा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. आठवी पास. नववीचं हायस्कूल सात किलोमीटर लांब, सकाळची एसटी बंद झालेली, आणि आई मजुरीला गेली की धाकट्या भावाला बघायला घरी कोणी नाही. तिनं एकच विचारलं, "ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरू का ते मोबाईलवरचं ओपन स्कूल करू? चांगलं कुठलं?"

मी तिला माहिती दिली. कागद कुठले लागतात, मुदत कधी असते, पुस्तकं कुठे मिळतील. पण परतीच्या वाटेवर मला तिचा प्रश्न सोडेना. चांगलं कुठलं, हे ठरवायचं कशावरून? फी किती यावरून? निकाल किती टक्के लागला यावरून? की ॲप किती देखणं आहे यावरून? सरकार, संस्था आणि वर्तमानपत्रं याच तीन गोष्टींवरून तुलना करतात. आपल्याकडे मात्र त्याहून जुनी आणि खरी मोजपट्टी आहे. ती बाबासाहेबांनी १९२७ साली घालून दिली. आपण ती वापरायची विसरलो आहोत.

१२ मार्च आणि २० मार्च

२० मार्च १९२७ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. महाडचं चवदार तळं. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ ला, मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले होते. ते नुकतेच त्या सभागृहाचे सदस्य झाले होते. हे भाषण प्रत्येक कार्यकर्त्यानं एकदा तरी वाचावं, कारण त्यात शिक्षणाचा जयजयकार नाही. त्यात हिशेब आहे.

बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातले आकडे समोर ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे सरकार ज्या दाखल्यांचा अभिमान मिरवतं त्यातला बहुतेक पैसा वाया जातो. मग त्यांनी समाजानुसार आकडे मांडले. माध्यमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंची दर लाखामागे ३००० मुलं होती, मुसलमानांची ५००, मराठा व तत्सम मधल्या जातींची १४० आणि मागास वर्गाची १४. लाखामागे चौदा! या 'मागास वर्गा'त आपण अस्पृश्य तर होतोच, डोंगरातले आदिवासीही होते. लोकसंख्येत दुसरा क्रमांक असलेला हा वर्ग शिक्षणात शेवटचा होता.

याच भाषणात त्यांनी विचारलं की हायस्कूलच्या खर्चातला सुमारे ३१ टक्के आणि कॉलेजच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग जर फीमधून वसूल होत असेल, तर हे शिक्षणाचं व्यापारीकरण नाही तर काय? आज 'व्यापारीकरण' हा शब्द सगळेच वापरतात. बाबासाहेबांनी तो मुद्दा १९२७ साली सभागृहात मांडला होता.

यातून मोजपट्टी मिळते ती अशी. शाळेत किती आले हे मोजू नका, शेवटपर्यंत किती पोचले ते मोजा. आणि सगळ्यांची सरासरी काढून गप्प बसू नका, कोणत्या समाजाचे किती पोचले ते सांगा.

आता आठ दिवसांनंतरचं महाड पाहा. चवदार तळं कायद्यानं बंद नव्हतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असं त्यात होतं. १९२४ साली महाड नगरपालिकेनं ठराव करून तळं खुलं केलंही. कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं. त्या तीन वर्षांत आपल्या माणसाला तिथलं ओंजळभर पाणी घेता आलं नाही. तळं खरोखर खुलं करायला हजारो पायांना चालत जावं लागलं.

आता 'मुक्त विद्यालय' या शब्दाकडे पाहा. मुक्त म्हणजे खुलं. कोणासाठी खुलं? कागदावर, की टोकावड्याच्या पुढच्या त्या मुलीसाठी? माझ्या मते महाराष्ट्रातल्या घरबसल्या हायस्कुलांची तुलना करताना हा एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

शाळा जेव्हा माणसाकडे चालत गेली

नेहमीच्या शाळेत न बसणाऱ्या माणसासाठी वेगळी शाळा, ही कल्पना इंटरनेटनं आणलेली नाही. आपल्या चळवळीचा तो सगळ्यात जुना वारसा आहे.

१८५५ साली जोतिबा आणि सावित्रीमाईंनी पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, हे ज्यांना दिसलं त्यांनी शाळेचं घड्याळ बदललं. माणसाला दोष दिला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिबांनी किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली.

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेनं पहिल्यांदा काय केलं? जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. गावात हायस्कूल नाही आणि शहरात आपल्या मुलाला कोणी खोली देत नाही, ही अडचण होती. तिचं उत्तर होतं राहण्याची, जेवणाची आणि अभ्यासाची जागा.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या गरीब पोराला कॉलेज करून कामावर जाता यावं. १९४७ साली सिद्धार्थ नाईट हायस्कूल सुरू झालं.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातही हा धागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला काम केलं. आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्या, अशी त्यांची 'कुरणशाळा' होती. पुढे १९९० च्या दशकात वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी विधायक संसदेनं भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुरांसाठी उभी केलेली तात्पुरती झोपडी. शाळा त्या झोपडीपर्यंत गेली.

अगदी आपल्या दोन तालुक्यांत पाहा. मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांनी डिजिटल केली तेव्हा राज्यभरातून माणसं ती बघायला आली. गावानं वर्गणी काढली, भिंतीवर प्रोजेक्टरचं चित्र उमटलं, मुलांच्या हातात टॅब्लेट आले.

मी हे उगाच सांगत नाही. पष्टेपाड्यात यंत्र आलं ते शाळेत आलं. शिक्षक तिथेच उभा होता, शेजारचं मूल बाकावर होतं, खिचडी शिजत होती. १८५५ पासून पष्टेपाड्यापर्यंत प्रत्येक वेळी शाळेनं स्वतःचं काहीतरी बदललं. कुठे वेळ बदलली, कुठे जागा, कुठे साधन. शिक्षक मात्र कोणी काढून घेतला नाही. घरबसल्या हायस्कुलानं नेमकं हेच केलं आहे. तिथे शाळा जागची हलत नाही. हलायचं ते विद्यार्थ्यानं, रेंज शोधत टेकडीवर.

आजची दारं

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. नियमित शाळा सुटलेल्या मुलाला महाराष्ट्रात दहावीपर्यंत जायला सरकारी दारं कुठली?

पहिलं दार, सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा द्यायची. जमेची बाजू मोठी आहे. तीच पुस्तकं, तीच प्रश्नपत्रिका, तेच मंडळाचं प्रमाणपत्र. गावातल्या भावा-बहिणीची जुनी पुस्तकं चालतात, मराठी माध्यम आहे, पुढे कोणी 'हे कुठलं बोर्ड?' असं विचारत नाही. उणी बाजू अशी की शिकवणार कोणी नाही. संपर्क केंद्र म्हणून एखादी शाळा मिळते, पण ती वर्षभर वर्ग घेत नाही. आणि फॉर्म ऑनलाइन आहे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, मोबाईल नंबर, ईमेल हे सगळं लागतं.

दुसरं दार, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. जुलै २०१७ च्या शासन निर्णयानं हे मंडळ उभं राहिलं आणि २०१९ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. पाचवी आणि आठवी या टप्प्यांवरही परीक्षा देता येते, ही त्याची खरी ताकद. चौथीतून भट्टीवर गेलेल्या कातकरी पोराला थेट दहावीची परीक्षा झेपत नाही, त्याला मधल्या पायऱ्या लागतात. त्या इथे आहेत. पण आमच्या बैठकांमध्ये हात वर करायला सांगितलं की या मंडळाचं नाव ऐकलेली दोन-तीन माणसं निघतात. ज्याचा पत्ताच लोकांना माहीत नाही त्या दाराला उघडं म्हणायचं का?

तिसरं दार, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९७९ साली सीबीएसईच्या एका प्रकल्पातून याची सुरुवात झाली. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं आणि २००२ पासून आजचं नाव आहे. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते, एकेक विषय सोडवत पुढे जाता येतं, विषय निवडता येतात, दहावीला मराठी माध्यम आहे, अनुसूचित जाती-जमातींना फीत सवलत आहे. कामावर जाणाऱ्या तरुणाला यातली लवचिकता फार उपयोगी पडते. पण गृहपाठ, अभ्यास केंद्र, परीक्षा केंद्र, संकेतस्थळ, सूचना हा सगळा व्यवहार स्वतः सांभाळावा लागतो. घरात कोणी शिकलेलं नसेल तर त्या लवचिकतेचं चक्रव्यूह होतं.

चौथं दार सगळ्यात नवं, थेट ऑनलाइन हायस्कूल. एनआयओएसची आभासी शाळा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. ३१ ऑगस्ट २०२२ ला दिल्ली सरकारनं नववी ते बारावीसाठी दिल्ली मॉडेल व्हर्च्युअल स्कूल जाहीर केलं, देशातल्या कुठल्याही मुलासाठी खुलं. दिल्लीनं ही देशातली पहिली आभासी शाळा असल्याचा दावा करताच एनआयओएसनं पहिली आमची, असं सांगितलं. पहिलं कोण यावर दोन सरकारी यंत्रणा भांडल्या. त्यात दलित किती, आदिवासी किती, किती जण शेवटपर्यंत टिकले, हा वाद कोणी घातला नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली पहिला प्रश्न हाच विचारला असता.

परदेशातला अनुभवही ऐकून ठेवा. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याची सरकारी ऑनलाइन शाळा १९९७ पासून आहे. तिथे नेट आहे, घरात संगणक आहे. तरीही २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्रानं सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळांची पाहणी केली, तेव्हा तिथली मुलं तशाच पार्श्वभूमीच्या नेहमीच्या शाळेतल्या मुलांपेक्षा वाचनात ७२ दिवस आणि गणितात तब्बल १८० दिवस मागे पडल्याचं आढळलं. शाळेचं वर्षच १८० दिवसांचं. म्हणजे गणितात ते वर्ष भरलंच नाही म्हणायचं. श्रीमंत देशात ही गत असेल तर डोळखांबच्या पाड्याचं काय?

पंचांग कोणाचं?

तुलना करताना आणखी एक गोष्ट बघा. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. परीक्षा कधी असते?

राज्य मंडळाची दहावी साधारण मार्च महिन्यात. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मार्चमध्ये तो पोरगा भट्टीवर माती कालवत असतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास, तेव्हा आवणी. चिखलात उभं राहून रोपं लावायचे दिवस. एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एप्रिल-मेला पुन्हा भट्टी, ऑक्टोबरला भातकापणी.

हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण वर्षाचं पंचांग आखताना खोलीत कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, हे यातून दिसतं. 'केव्हाही शिका, कुठेही शिका' म्हणणाऱ्या व्यवस्थेनं परीक्षा मात्र कष्टकऱ्याच्या हंगामातच ठेवली. तिच्यात लवचिकता आहे, पण पगारी माणसाच्या सोयीची. अंगमेहनतीच्या हंगामाची तिला ओळख नाही.

मोबाईलचंही तसंच. मागच्या वर्षी एका झेरॉक्सच्या दुकानात एका मुलीचा फॉर्म भरला गेला. घरी फोन नव्हता, म्हणून दुकानदारानं स्वतःचा नंबर टाकला. पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे गेले, त्यानं शंभर फॉर्म भरले होते, तो विसरला. केंद्रावर कागद जमा करायची तारीख गेली तेव्हा आम्हाला कळलं. ती मुलगी आकड्यात कुठेच दिसणार नाही. ती नापास झाली नाही, गैरहजर राहिली नाही, तिची नोंदच पूर्ण झाली नाही.

निकालाच्या दिवशी टीव्हीवर विभागवार टक्केवारी झळकते. शहापूर आणि मुरबाड मुंबई विभागात मोडतात. दादर-ठाण्याच्या क्लासमधली मुलं आणि कसाऱ्याच्या जंगलातली मुलं एकाच टक्केवारीत मिसळतात. सरासरीच्या पोटात पाडा गडप होतो. १९२७ साली बाबासाहेबांनी सरासरी फोडून दाखवली ती याचसाठी.

कोरोनानं घेतलेली परीक्षा

एखादा म्हणेल, हे सगळं अंदाज झाले. नाही. संपूर्ण राज्यानं ऑनलाइन शाळेची परीक्षा दिली आहे. २०२० मध्ये 'शाळा बंद, शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. दीक्षा ॲप आलं, व्हॉट्सॲपवर अभ्यास आला, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागलं. आश्रमशाळांची वसतिगृहं बंद होऊन मुलं पाड्यावर परतली होती.

त्याआधीच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं (२०१७-१८) सांगितलंच होतं की देशातल्या ग्रामीण घरांपैकी संगणक फक्त ४.४ टक्के आणि इंटरनेट १४.९ टक्के घरांत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यांत गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के, अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आणि जात फोडून पाहिलं तर ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ४ टक्के, इतरांत १५ टक्के.

चार आणि पंधरा. लाखामागे चौदा आणि तीन हजार. साधन बदललं, शतक बदललं, रांगेतली जागा तीच राहिली.

शहापूरकरांना हे समजावून सांगायला लागत नाही. १८९२ सालचं तानसा धरण आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात. मुंबईची तहान आपल्या डोंगरांवर भागते आणि एप्रिल आला की आपल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघतात. पाइप शेजारून जातो, नळ येत नाही. मुरबाडच्या धसई गावाला डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. घोषणेच्या दिवशी कॅमेरे येतात. रेंज, वीज आणि रिचार्जचे पैसे रोज लागतात.

नववीच्या उंबरठ्यावर

आता मुख्य भीती सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववीला पाय ठेवताच मुलाचा कायदेशीर हक्क संपतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षं पूर्ण झाली की धोकादायक नसलेल्या कामांना बंदी नाही. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी सुरू होतात. शाळेचा हक्क जिथे संपतो, तिथेच मजुरीची आणि लग्नाची वाट सुरू होते. नेमक्या त्या जागी सरकार आपल्याला मुक्त विद्यालयाची पाटी दाखवतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेबाहेरच्या मुलांसाठी मुक्त विद्यालयांचा विस्तार करायला सांगितलं आहे.

दुसऱ्या बाजूला काय चाललं आहे? २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या. कमी पटाच्या शाळा कुठे असतात? डोंगरात, पाड्यावर, वाडीवर. पायाखालची शाळा काढायची आणि हातात मोबाईलमधली शाळा द्यायची, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. घरबसलं हायस्कूल हे शाळेला जोड म्हणून आलं तर स्वागत. ते शाळेच्या बदल्यात आलं तर तो सनदशीर शब्दांत केलेला बहिष्कार आहे.

"पण ताई, मला फायदा झाला"

हे वाचून काही जण चिडतील. आमच्या कामातच असे साथी आहेत ज्यांनी सतरा नंबरवर दहावी काढली, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि आज नोकरीत आहेत. लग्न झालेल्या, दोन मुलांच्या आईनं एनआयओएसमधून दहावी केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांची मेहनत आणि त्या दाराची किंमत मी कमी लेखत नाही. ते दार बंद करा असं तर मुळीच म्हणत नाही.

पण त्यातल्या प्रत्येकाला विचारून पाहा. कोणाला गावातल्या गुरुजींनी संध्याकाळी गणित शिकवलं, कोणाला वहिनीनं फॉर्म भरून दिला, कोणाला विहारातल्या अभ्यासिकेत जागा मिळाली. म्हणजे कोणीतरी माणूस शाळा होऊन त्यांच्याजवळ गेला. ज्याला तो माणूस मिळाला नाही त्याची गोष्ट आपल्याला ऐकूच येत नाही. यशोगाथा खऱ्या असतात, पण त्या १८ जणांच्या असतात. चळवळ ८२ जणांसाठी असते.

तर त्या मुलीला उत्तर काय?

तिला मी सांगितलं, तू सतरा नंबर भर. कारण पुस्तकं वाडीत आहेत, माध्यम तुझं आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात बसून शिकवणारा एक मुलगा आम्हाला सापडला आहे. शेवटचं कारण नसतं तर पहिली दोन कारणं पुरली नसती. पाचवीच्या आत सुटलेल्या पोराला मी राज्य मुक्त मंडळ सांगेन. कंपनीत पाळीनं काम करणाऱ्या विशीतल्या तरुणाला एनआयओएस. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच सांगणार नाही. त्याला मी हाताला धरून शाळेत नाहीतर वसतिगृहात नेईन, कारण त्याची जागा तिथे आहे.

तरुण साथींनो, आपण काय करायचं? आपापल्या वाडी-पाड्यावर आठवीनंतर सुटलेल्या मुलामुलींची नावानिशी यादी करा. बौद्धवाडीपुरती नको, शेजारच्या ठाकूर आणि कातकरी पाड्याचीही करा. १९२७ च्या त्या 'मागास वर्गा'त आपण एकाच ओळीत होतो. फॉर्म भरताना नंबर घरचा किंवा कार्यकर्त्याचा टाका, दुकानदाराचा नको. विहारात बुद्धवंदना होते तशी आठवड्याला दोन संध्याकाळ दहावीची अभ्यासिका भरू द्या.

आणि तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी, शहापूरचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याकडे लेखी मागा. प्रत्येक तालुक्यात शिक्षक असलेलं अभ्यास केंद्र हवं. स्थलांतर आणि शेतीचा हंगाम पाहून परीक्षेची एक फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवी. नववी-दहावीच्या मुलींसाठी एसटी आणि वसतिगृह हवं. मुक्त विद्यालयात आणि सतरा नंबरवर किती नोंदले, किती परीक्षेला बसले, किती पास झाले, याचे तालुकावार आणि प्रवर्गवार आकडे जाहीर व्हायला हवेत. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. आकडे मागणं हीसुद्धा बाबासाहेबांची परंपरा आहे.

महाडचा ठराव कागदावर तीन वर्षं पडून होता. त्यावर धूळ बसू न देता माणसं तळ्याकडे चालली, तेव्हा त्याला अर्थ आला. मुक्त विद्यालयाचा शासन निर्णय असाच एक कागद आहे. चालायचं आपल्याला आहे, आणि या वेळी बरोबर त्या मुलीला घेऊन.

नमो बुद्धाय, जय भीम!